कोर्टाची पायरी

“शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये,” ही म्हण ज्यानें ऐकली नाहीं असा मनुष्य आपल्या महाराष्ट्रांत विरळा. ती आजीच्या तोंडीं असते, पाटलाच्या तोंडीं असते. आणि नवल असें कीं, ज्यांचा चरितार्थ कोर्टावरच चालतो त्या वकिलांच्याहि तोंडीं ती असते. यंदा आमच्या नववीच्या वर्गाची सहल मुंबईस गेली असतां आम्हीं मुलामुलींस तेथील हायकोर्टाची इमारत आंतून-बाहेरून दाखविली. सहल परत येऊन आठ दिवस झाले नाहींत तों हीच म्हण एका पालकाच्या पत्रांतून आमच्याकडे चालत आली.

पत्र मोठें सरळ होतें. “मास्तर, मुलांस किल्ले दाखवा, लेणीं दाखवा, समुद्र दाखवा, पण कोर्ट कशास दाखवितां? आमच्या वडिलांनीं बांधाच्या एका तंट्यापायीं बावीस वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. निकाल लागला तेव्हां वडीलहि उरले नव्हते आणि ज्यांच्याशीं तंटा ते चुलतेहि उरले नव्हते. आणि ज्या जमिनीसाठीं हें सारें झालें तिच्यापैकीं निम्मी खर्चापायीं विकली गेली होती. जें ठिकाण आमच्या घराचा काळ झालें, तें आपण आमच्या मुलास देऊळ दाखवावें तसें दाखविलें, याचें वाईट वाटतें.”

हें वाचून आम्हांस राग आला नाहीं; उलट आपण मुलांस काय दाखविलें याचा पुन्हां एकदां विचार करावा असें वाटलें. उत्तर एका कार्डावर मावण्यासारखें नव्हतें. शिवाय अशीच शंका दुसऱ्याहि पालकांच्या मनांत असेल, म्हणून तें येथें लिहीत आहों.

प्रथम इमारतीविषयीं. मुंबईचा जुना कोट पाडण्याचें काम गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळांत, हातीं घेण्यांत आलें. तट गेला, जागा मोकळी झाली, आणि पुढील पंधराएक वर्षांत ओव्हल मैदानाच्या पूर्वेस एका ओळींत सेक्रेटरिएट, विद्यापीठ आणि हायकोर्ट या भव्य इमारती उभ्या राहिल्या. हायकोर्ट ही संस्था मात्र आपल्या इमारतीहून वडील आहे. १८६१ च्या कायद्यान्वयें तिची स्थापना होऊन १८६२ च्या ऑगस्ट महिन्यांत तिचें काम सुरू झालें. इमारतीचा पाया १८७१ च्या एप्रिलांत घातला गेला, १८७८ च्या नोव्हेंबरांत काम संपलें, आणि १८७९ च्या जानेवारींत तेथें पहिली बैठक भरली. नकाशा कर्नल जे. ए. फुलर या लष्करी इंजिनियराचा. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट, आणि मधला मनोरा १७५ फूट उंच. खर्चाचा अंदाज १६ लाख ४७ हजार रुपयांचा केला होता. प्रत्यक्ष खर्च १६ लाख ४४ हजारांत आटोपला. हा आंकडा ऐकतांच, आमच्या शाळेच्या कुंपणभिंतीचा खर्च ज्यांच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाला होता ते आमचे एक सहकारी शिक्षक हात जोडून त्या मनोऱ्याकडे पाहत राहिले!

इमारत काळसर बेसॉल्ट दगडाची, गॉथिक पद्धतीची. टोंकदार कमानी, लांबच लांब सज्जे, वळणावळणाचे दगडी जिने. मुंबईंतील ज्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींस युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत हिचा समावेश आहे. मैदानाच्या बाजूनें वर पाहिलें म्हणजे दोन अष्टकोनी बुरुजांच्या माथ्यांवर दोन मूर्ति दिसतात. एक न्यायाची व दुसरी दयेची. पवित्र शास्त्रांत हीं दोन नांवें किती वेळां जोडीनें येतात हें आमच्या मुलांस निराळें सांगावयास नको.

परंतु मुलांचें लक्ष या मूर्तींपेक्षां भलतीकडेच गेलें. इमारतीच्या कोरीव कामांत एक माकड आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे, हातीं तराजू आहे, आणि तराजूचीं पारडीं समान नाहींत. दुसऱ्या एका ठिकाणीं वकिलाची गळपट्टी बांधलेला कोल्हा आहे. मुलें पोट धरून हंसलीं. ज्यांचें पत्र वर दिलें त्या पालकांचा मुलगा मात्र हंसला नाहीं. तो म्हणाला, “सर, आमचे बाबा जें सांगतात तें या पाथरवटालाहि ठाऊक होतें.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें विचार करितां एवढें ध्यानीं आलें कीं, वर न्याय व दया आणि खालीं तें माकड, हीं सर्व एकाच इमारतीचीं आहेत. तीं शिल्पें आजतागायत कोणीं फोडून काढलीं नाहींत, हें चांगलेंच झालें. न्यायाच्या आसनावर बसणाऱ्या मनुष्याच्या हातून काय होऊं शकतें, याची आठवण त्या दारावर राहिलेली बरी.

अशा इमारतींविषयीं आपल्या लोकांत दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष मान वर करून पाहतो आणि म्हणतो, “काय तें बांधकाम, काय ती शिस्त! न्याय करावा तर साहेबानेंच!” दुसरा पक्ष म्हणतो, “हीं गुलामगिरीचीं स्मारकें. मुलांस हीं दाखवून काय शिकवावयाचें?” आमच्या मतें दोन्हीं पक्ष दगडांकडे पाहून निकाल देतात. हे दगड फोडणारे व घडविणारे हात येथल्याच मजुरांचे होते, आणि त्यांचे पैसे येथल्याच रयतेच्या करांतून आले होते. तेव्हां दगडांची लाजहि नको आणि आरतीहि नको. न्यायाच्या घराची परीक्षा एकाच रीतीनें व्हावी. त्या घरांत कोणास काय मिळालें, हें पाहून. म्हणून आम्हीं मुलांस तीन खटल्यांची हकीकत सांगितली. ती येथें थोडक्यांत देतों.

पहिली हकीकत मधल्या मोठ्या दालनाची. त्याचा क्रमांक ४६. १९०८ सालच्या जुलैच्या १३ ते २२ तारखांस येथें लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. मुझफरपुरच्या बाँबप्रकरणानंतर ‘केसरी’ंत आलेल्या लेखांबद्दल तो होता. न्यायाधीश दिनशा दावर. नवल हें कीं, १८९७ सालीं टिळकांवर पहिला खटला झाला तेव्हां याच दावरांनीं बॅरिस्टर म्हणून त्यांच्या जामिनासाठीं भाषण केलें होतें, आणि न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं तो जामीन दिला होता. १९०८ सालीं टिळकांनीं आपला बचाव आपणच केला. त्यांचें भाषण एकवीस तासांहून अधिक चाललें. ज्यूरींत नऊ पंच होते. सात युरोपियन आणि दोन पारशी. सातांनीं दोषी म्हटलें, दोघांनीं निर्दोषी. २२ जुलैच्या रात्रीं सहा वर्षें काळ्या पाण्याची शिक्षा झाली; दुसऱ्या दिवशीं आरोपीचा बावन्नावा वाढदिवस होता. शिक्षेपूर्वीं टिळकांनीं इतकेंच सांगितलें कीं, पंच कांहींहि म्हणोत, मी निर्दोषी आहें. आणि मनुष्यांच्या व राष्ट्रांच्या भवितव्यावर या कोर्टाहून थोर अशा शक्तीची सत्ता चालते. शिक्षेची वार्ता पसरतांच मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेविलें.

आज त्या दालनाबाहेर टिळकांच्या त्याच शब्दांची शिला आहे. १९५६ सालीं, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वेळीं, तेव्हांचे मुख्य न्यायमूर्ति एम्. सी. छागला यांनीं तिचें अनावरण केलें. ज्या कोर्टानें मनुष्यास दोषी ठरविलें, त्याच कोर्टानें अठ्ठेचाळीस वर्षांनीं आपल्या भिंतीवर त्याचे शब्द कोरून घ्यावे, ही गोष्ट लहान नव्हे. चुकलें असें म्हणावयास घरांत बापास जड जातें, वर्गांत शिक्षकास जड जातें. मग न्यायाधीशाच्या आसनास किती जड जात असेल! आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १९१६ सालीं टिळकांच्या भाषणांवरून त्यांच्याकडून जामीन मागण्याचा खालच्या मॅजिस्ट्रेटचा हुकूम याच हायकोर्टाच्या न्यायमूर्ति बॅचलर व शहा यांनीं रद्द केला. तेव्हां टिळकांच्या बाजूनें बॅरिस्टर जीना उभे होते. आठ वर्षांत इमारत बदलली नव्हती, राज्यहि बदललें नव्हतें. आसनावरचीं माणसें मात्र निराळीं होतीं.

दुसरी हकीकत आम्हीं मुद्दाम मुलींसाठीं सांगितली, पण मुलांनींच ती अधिक लक्ष देऊन ऐकिली. रखमाबाई नांवाच्या मुंबईच्या मुलीचें लग्न तिच्या अकराव्या वर्षीं लागलें होतें. ती मोठी झाली, शिकली, आणि त्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें तिनें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें दावा लाविला. १८८५ त न्यायमूर्ति पिन्ही यांनीं निकाल दिला कीं, अजाण वयांत जिचें लग्न लाविलें तिला बळजबरीनें धाडतां येणार नाहीं. १८८६ त अपिलांत तो निकाल फिरला. १८८७ त न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं, नांदावयास जा, नाहींतर सहा महिने तुरुंगांत जा. रखमाबाईनें कळविलें कीं, मी तुरुंगांत जाईन. साऱ्या देशांत व विलायतेंतहि या खटल्यानें खळबळ उडाली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढें हीच बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाली आणि परत येऊन तिनें गुजराथेंत अनेक वर्षें बायकामुलांची शुश्रूषा केली. १९५५ सालीं ती वारली. तिच्या खटल्यानें उठविलेल्या वादाचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यास मोठा हातभार लागला. पाहा, एकाच कोर्टांत दोन वर्षांच्या अंतरानें एकाच मुलीस दोन न्याय! मात्र ज्या दाव्यांत ती हरली, त्यांतूनच तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीं वाट निघाली.

तिसरी हकीकत पाण्याची. महाडचें चवदार तळें नगरपालिकेनें १९२४ सालीं सर्वांस खुलें केलें होतें, तें कागदावरच. १९२७ च्या मार्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. डिसेंबरांत दुसरा सत्याग्रह व्हावयाचा होता, तोंच विरुद्ध पक्षानें दिवाणी कोर्टांतून मनाईहुकूम आणिला. हजारों माणसें जमलीं होतीं, मनें पेटलीं होतीं; तरी बाबासाहेबांनीं तो हुकूम मानला आणि सत्याग्रह पुढें ढकलला. ते स्वतः याच हायकोर्टाचे वकील होते. कोर्टाचा दोष त्यांस आपणांपेक्षां कमी ठाऊक नव्हता. खटला खालच्या कोर्टांतून वर चढत चढत हायकोर्टांत आला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं निकाल दिला कीं, अस्पृश्यांस त्या पाण्यापासून दूर ठेवण्याची अनादि कालाची कायदेशीर रूढि सिद्ध झालेली नाहीं. म्हणजे तळें सर्वांचें ठरलें. याच ब्रूमफील्ड साहेबांनीं १९२२ सालीं अहमदाबादेस जिल्हा न्यायाधीश असतांना गांधीजींस सहा वर्षांची शिक्षा दिली होती. ओंजळभर पाण्यासाठीं दहा वर्षें! विलंबाचें दुःख आहेच. पण त्या दिवसापूर्वीं ज्यांस तळ्याच्या कांठावरून मार खाऊन परतावें लागलें होतें, त्यांच्या हातीं त्या दिवशीं एक कागद आला. तो कागद कोणत्याहि लाठीनें त्यांस मिळाला नसता.

येथें एका मुलीनें विचारलें, “सर, मग या इमारतीला चांगली म्हणावयाची कीं वाईट?” आम्हीं तिला प्रभु येशूच्या एका दाखल्याची आठवण दिली. त्यांत एक न्यायाधीश आहे; त्याला देवाचें भय नाहीं आणि माणसांची भीड नाहीं. त्याच गांवांत एक विधवा आहे. ती त्याच्या दारीं येत राहते, पुन्हां पुन्हां न्याय मागत राहते, आणि शेवटीं तो कंटाळून कां होईना तिला न्याय देतो. शास्त्रानें त्या न्यायाधीशाची स्तुति केलेली नाहीं. आणि विधवेला, “बाई, शहाण्यानें ही पायरी चढूं नये,” असेंहि सांगितलेलें नाहीं. स्वतः प्रभूवर पिलाताच्या न्यायासनापुढें उभें राहण्याची पाळी आली, व तेथें आरोपी निर्दोषी आहे हें ठाऊक असूनहि न्यायाधीशानें लोकांच्या भयानें हात धुतले. न्यायासन म्हणजे काय याविषयीं ख्रिस्ती मनुष्याची भोळी समजूत असूं शकत नाहीं. तरीहि त्यानें त्या आसनाकडे पाठ फिरवावी असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्या अंगीं बळ आहे त्यांस कोर्टावांचून चालतें. ज्याच्या अंगीं तें नाहीं, त्या विधवेस, त्या रखमाबाईस, त्या महाडच्या माणसांस दुसरें दारच नव्हतें.

म्हणूनच या म्हणीविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. ती भाऊबंदकीस लागू आहे, आणि तेथें ती लाख मोलाची आहे. वाटेंत असतांनाच प्रतिपक्षाशीं समेट करावा, हा डोंगरावरील प्रवचनांतील उपदेशहि तोच. पण हीच म्हण जेव्हां दुबळ्यास सांगितली जाते, तेव्हां तिचा अर्थ “गप्प बस” असा होतो. ज्याची जमीन सावकारानें बळकावली, जिला सासरच्यांनीं घराबाहेर काढलें, ज्याची मजुरी मालकानें बुडविली, त्याला ही म्हण ऐकविणारा बहुधा सावकाराचा, सासरचा किंवा मालकाचाच मनुष्य असतो. शहाणपणाचें वाक्य कोण कोणास सांगतो आहे, हें पाहावयास आम्ही मुलांस शिकवूं इच्छितों.

आणखी एक. कोर्टाची पायरी चढूं नये असें सर्वच शहाण्यांनीं ठरविलें असतें, तर न्यायाधीश व वकील कोण झाले असते? याच इमारतींत न्यायमूर्ति काशीनाथ त्रिंबक तेलंग बसले. याच इमारतींत १८९३ पासून १९०१ पर्यंत न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे बसले. तरुण गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले तेव्हां येथें रोज पायीं येत, आणि खटले ऐकतां ऐकतां त्यांस डुलकी लागे, हें त्यांनींच आपल्या आत्मकथेंत कबूल केलें आहे. वर्गांत डुलक्या घेणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही हकीकत फार आवडली. तिचा आधार त्यांनीं सर्वत्र देऊं नये, एवढीच विनंती! मुलींसाठीं निराळी गोष्ट सांगतों. नाशिकास जन्मलेल्या आणि आमच्याच ख्रिस्ती समाजांतील कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालीं ऑक्सफर्डास कायद्याची परीक्षा दिली. पण स्त्री म्हणून कोर्टांत उभें राहण्याची मोकळीक हिंदुस्थानांतील स्त्रियांस १९२३ च्या कायद्यानें मिळाली. पुढें १९७८ सालीं न्यायमूर्ति सुजाता मनोहर या मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या, आणि १९९४ त त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायमूर्ति झाल्या. ज्या इमारतींत एका मुलीस “नांदावयास जा, नाहींतर तुरुंगांत जा” असें ऐकावें लागलें, त्याच इमारतींतील सर्वांत उंच आसनावर एकशें सात वर्षांनीं एक स्त्री बसली.

इतिहास पुरे. आम्हीं परवानगी काढून मुलांस अर्धा तास एका चालू कोर्टांत मागच्या बांकांवर बसविलें. त्यांस वाटलें होतें कीं, सिनेमांतल्याप्रमाणें टेबलावर मुठी आपटल्या जातील. प्रत्यक्षांत वकील हळू आवाजांत बोलत होते, न्यायमूर्ति कागद चाळीत होते, आणि एका प्रकरणास पुढची तारीख पडली. आमच्या शेजारच्या बांकावर लुगडें नेसलेली एक वृद्ध बाई मांडीवर कापडी पिशवी धरून बसली होती. तारीख पडली तेव्हां तिनें पिशवीचे बंद पुन्हां बांधले आणि कांहीं न बोलतां ती उठून गेली. बाहेर आल्यावर कित्येक मुलांनीं आम्हांस मनोऱ्याची उंची विचारली नाहीं, “त्या आजींचें काय झालें?” हेंच विचारलें. देशांतील कोर्टांत आज कोट्यवधि खटले तुंबलेले आहेत हें आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें होतें. त्या पिशवीच्या गांठीनें तें जसें समजलें, तसें आमच्या फळ्यावरील आंकड्यानें कधीं समजलें नव्हतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस किल्ला दाखवा तसेंच आपल्या तालुक्याचें कोर्टहि एकदां दाखवा. कोर्टाचें काम सामान्यतः उघड्या दारांनीं चालतें, आणि न्याय उघड्यावर व्हावा हा कायद्याचा मोठा नियम आहे. तेव्हां तेथें शांतपणें बसून ऐकणें हा आपला हक्क आहे. तसेंच हेंहि मुलांच्या कानांवर घाला कीं, १९८७ च्या कायद्यान्वयें स्त्रिया, बालकें, अनुसूचित जाति-जमातींचे लोक आणि गरीब यांस सरकारी खर्चानें वकील मिळतो, आणि त्याच कायद्याखालीं भरणाऱ्या लोकअदालतींत समेटानें तंटा मिटला तर कोर्टफीहि परत मिळते व पुढें अपीलहि राहत नाहीं. हें ठाऊक नसल्यामुळें किती जमिनी व किती आयुष्यें गेलीं असतील!

वांद्र्यास हायकोर्टासाठीं नवें संकुल बांधण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. तेथें मनोरे किती उंच होतील याची आम्हांस फारशी चिंता नाहीं. तेथल्या बांकांवर ती कापडी पिशवी किती काळ वाट पाहील, याची आहे. आणि तें ठरविणारीं माणसें आज कोठल्या तरी शाळेंत सातवींत-नववींत बसलीं आहेत. कदाचित् आमच्याच शाळेंत.

आतां त्या पत्रलेखक पालकांस दोन शब्द. महाराज, आपल्या वडिलांवर गुदरलेला प्रसंग खरा आहे, आणि त्याचें दुःख आमच्या व्याख्यानानें कमी होणारें नाहीं. आम्हीं आपल्या मुलास तें ठिकाण देऊळ म्हणून दाखविलें नाहीं. देवळांत माकडाच्या हातीं तराजू नसतो. परतीच्या गाडींत तो खिडकीशीं बराच वेळ मुकाट बसला होता. कल्याण सुटल्यावर आमच्याजवळ येऊन त्यानें विचारलें, “सर, तंटा बांधाचा होता, तर आजोबांनीं आणि चुलत आजोबांनीं आधीं सरकारी मोजणी कां नाहीं मागितली?”

याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. आपणांपाशीं असेल, तर तें त्याला द्यावें. तो ऐकण्याच्या वयाचा झाला आहे. आणि पुढील वर्षीं सहलीच्या गाडींत आपल्यासाठीं एक जागा राखून ठेवूं. आपण यावें, आणि ती पायरी मुलाबरोबर एकदां चढून पाहावी.